विचारा तर खरं : जुलैतला बर्फ

मागच्या अंकात गच्चीवरच्या शेवाळावर उपाय सांगताना मी सहज लिहून गेले, ‘घसरण्याचं मला सांगू नका, मी ऑगस्टात न्यूझीलंडला जाऊन पैसे भरून घसरून येते.’ त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या खेपेला शेवाळ, वाळवी आणि बुकिंग करून गायब होणारी गिऱ्हाइकं, तिन्ही बाजूला ठेवली आहेत. पत्रं थोडी कापली आहेत. रागावू नका.

ताई, आमचा मोरजीला शॅक आहे. ऑक्टोबर ते मे मान वर करायला फुरसत नसते. गुलमर्गला जायचं कित्येक वर्षं मनात आहे, पण तिथला बर्फ नेमका आमच्या सीझनमध्ये. जूननंतर आम्ही रिकामे. तेव्हा बर्फ कुठे मिळेल? दोघंही चाळिशीतले, बर्फ फक्त मासळीच्या पेटीत पाहिलेला. — शॅकवाले नवराबायको, मोरजी

आधी तो पेटीतला बर्फ डोक्यातून काढा. आपल्याकडे गोठलेल्या पाण्याला शब्द एकच. सरबतातला तोही बर्फ, आभाळातून भुरभुरतो तोही बर्फ. स्कीइंगच्या डोंगरावर मात्र त्याच बर्फाची सकाळी एक तऱ्हा, दुपारी दुसरी. रात्री मोठी यंत्रं उतारावर फिरवून तो विंचरून ठेवतात. सकाळी पाहाल तर त्यावर एकसारख्या बारीक रेघा असतात. माझी आई अंगण शेणाने सारवायची तेव्हा बोटांच्या ज्या रेघा उठायच्या, अगदी तशा. पहिल्या दिवशी त्यावर पाय ठेवायला माझं मन होईना.

तुमची अडचण तीच माझी. कांदोळीला माझं सात खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे. गुलमर्ग आणि औलीचा बर्फ डिसेंबरअखेर ते मार्च, म्हणजे ज्या दिवसांत एक खोली रिकामी राहिली तरी मला झोप लागत नाही. शॅक मोडून झाले, १ जूनला मासेमारी बंद होऊन ट्रॉलर जेटीला लागले, की किनाऱ्यावरचे आपण सगळे मोकळे. आणि नेमकी तेव्हाच विषुववृत्ताच्या पलीकडे थंडी पडते. पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कलली आहे हे शाळेत पाठ केलं होतं, त्याचा उपयोग मला सेहेचाळिसाव्या वर्षी झाला. तिकडचा स्कीचा मोसम जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. आपला पावसाळा आणि तो मोसम एकमेकांवर तंतोतंत बसतात.

जागा मोजक्याच आहेत. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचा आग्नेय कोपरा, आणि अँडीज पर्वताच्या दोन बाजू, चिली आणि अर्जेंटिना. आफ्रिकेत लेसोथो नावाच्या चिमुकल्या देशात मालुती डोंगरांत अफ्रीस्की म्हणून एक ठिकाण आहे, पण तो जोहान्सबर्गवाल्यांचा शनिवार-रविवार. त्यासाठी गोव्याहून निघू नका.

तुम्हाला मी न्यूझीलंड सांगेन, आणि त्यातही दक्षिण बेटावरचं क्वीन्सटाऊन. शहर तळ्याच्या काठी, आणि स्कीचे डोंगर भोवताली. कोरोनेट पीक शहरापासून अर्ध्या तासाच्या आत, ते १९४७ पासून चालू आहे. दुसरीकडे रिमार्केबल्स. वानाका गावाच्या रस्त्याला कार्ड्रोना, आणि नवशिक्यांसाठी मला सगळ्यांत आवडलेलं तेच. राहायचं खाली गावात, सकाळी बसने वर जायचं, संध्याकाळी खाली. हे डोंगर दोन हजार मीटरच्या आसपासच संपतात, त्यामुळे दम लागत नाही. आपण समुद्रसपाटीची माणसं, आपल्याला हे महत्त्वाचं. चिलीत सान्तियागोजवळ व्हाये नेवादो आहे, तिथला तळच तीन हजार मीटरवर. पोर्तियो म्हणून पिवळ्या रंगाचं एक प्रसिद्ध हॉटेल आहे, समोर इंका तळं. १९६६ साली तिथे स्कीची जागतिक स्पर्धा झाली होती, ऑगस्टात. नाव घेतलं की स्कीवाल्यांचे डोळे चमकतात. पण भारतातून तिकडे पोचेपर्यंत एक दिवस जातो, वर साडेनऊ तासांचा फरक, वर ती उंची. ज्याला अजून उभंही राहता येत नाही त्याने एवढा खर्च कशाला करायचा? आधी पडायला शिका, मग पोर्तियो.

ऑस्ट्रेलियाबद्दल माझं मत जरा कडू आहे. थ्रेडबो आणि पेरिशर ही दोन्ही ठिकाणं कोझियस्को राष्ट्रीय उद्यानात. पेरिशर तर दक्षिण गोलार्धातलं सगळ्यांत मोठं. पण तिथला सगळ्यांत उंच डोंगरच २२२८ मीटर, आणि बर्फाचा भरवसा जुलैच्या मध्यानंतर. जूनमध्ये राजाच्या वाढदिवसाच्या सुट्टीला मोसमाचं उद्घाटन होतं, तेव्हा हिरव्या गवतातून पांढरा पट्टा गेलेला असतो आणि लोक त्याच्या दोन्ही बाजूंना बिअर पीत असतात. सिडनीला कुणी नातेवाईक असेल तर जरूर जा. माझा भाचा होता म्हणून मी गेले.

आता तारखा. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तिकडे शाळांना सुट्ट्या असतात. तेव्हा गेलात तर कळंगुटला ३१ डिसेंबरला पार्किंग शोधतोय असं वाटेल. जुलैचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टअखेर हा खरा काळ. सप्टेंबरात बर्फ रात्री गोठतो आणि दुपारी मऊ होतो, भाव उतरतात, तेही वाईट नाही. पण आपली चवथ आड येते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चवथ १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे ऑगस्टभर हात मोकळे. फक्त माटोळीचं (गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या फळाफुलांच्या छताचं) सामान बांधायला एक आठवडा हाताशी ठेवून परत या. मी एकदा दोन दिवस आधी आले. गॉगलच्या जागी गोरी आणि खाली करपलेली, अशा तोंडाने माटोळी बांधत होते. नणंद शेवटपर्यंत काही बोलली नाही, फक्त बघत होती.

नऊ-दहा रात्री काढून जा आणि स्की चारच दिवस धरा. वारा सुटला की वरच्या लिफ्ट (माणसांना डोंगर चढवणाऱ्या तारेवरच्या खुर्च्या) बंद होतात, कधी धुकं, कधी रस्ताच बंद. मोठ्या ठिकाणी एका दिवसाचा लिफ्ट पास न्यूझीलंडचे शंभर डॉलर सहज ओलांडतो. तो वाया गेला की जीव तुटतो. तुम्हाला पहिले दोन दिवस पूर्ण पास लागतच नाही. नवशिक्यांसाठी शिकवणी, भाड्याचं सामान आणि खालच्या उताराचा पास मिळून एकत्र पॅकेज असतं, तेच घ्या.

आणि ‘स्नो पॅकेज’ हा शब्द ऐकलात की सावध व्हा. माझ्या पहिल्या खेपेला इथल्याच एका एजंटने मला तो शब्द विकला. तिथे गेल्यावर कळलं की पॅकेजमध्ये दीड तास प्लास्टिकच्या घसरगाडीवर बसणं आणि एक गरम चॉकलेट एवढंच होतं. शिकवणीचे पैसे मी वेगळे भरले. त्याला फोन केला तर म्हणतो, ‘मॅडम, स्नो मिळाला ना?’

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, त्याला स्नोबोर्ड करायचंय. मला वाटतं स्की बरी. मीही शिकणार आहे. सोपं काय? आणि हाडं मोडतात का? — एक आई, फोंडा

पहिल्या दिवशी स्की सोपी, तिसऱ्या दिवशी स्नोबोर्ड. एवढ्यावर तुमचा वाद मिटावा.

स्कीत दोन पाय सुटे असतात, चेहरा समोर असतो, पडायला आलं तर एक पाय पुढे टाकता येतो. टाचा बाहेर ढकलायच्या, पुढची टोकं जवळ आणायची, की पाचर होते आणि वेग कमी होतो. मास्तर पोरांना सांगतात, ‘पिझ्झा करा.’ मी मनात त्याला समोसा म्हणायचे. मोठा समोसा केला की थांबता, बारीक केला की सरकता. पहिल्या दुपारपर्यंत हे जमतं. पुढे दोन्ही पट्ट्या समांतर ठेवून वळायला मात्र वेळ लागतो, मी अजून घाबरले की समोशावर येते.

स्नोबोर्डला दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. आडवं उभं राहायचं आणि टाचेकडची कड किंवा बोटांकडची कड बर्फात रुतवून वेग आवरायचा. चुकीची कड लागली की पुढचं काही कळायच्या आत तुम्ही बसलेल्या असता, जोरात. पहिले दोन दिवस माकडहाडावर आणि गुडघ्यांवरच जातात. पण एकदा त्या कडा कळल्या की प्रगती भराभर होते. तुमचा मुलगा किनाऱ्यावर स्किमबोर्ड खेळत असेल तर त्याला कोणता पाय पुढे ठेवायचा हे आधीच ठाऊक असेल. नसेल तर त्याला न सांगता मागून हलकेच ढकला. जो पाय आपोआप पुढे पडतो तो पुढचा.

हाडांचं म्हणाल तर स्कीत गुडघे जपायचे, बोर्डात मनगटं. पडताना हात पसरून तळवे टेकू नका, मुठी मिटून कोपरापुढच्या हातावर पडा. मुलाला मनगटाचे पट्टे घ्यायला लावा. हेल्मेट दोघांनीही. आणि नियम एकच लक्षात ठेवा, जो खाली आहे त्याचा रस्ता पहिला. वरून येणाऱ्याला खालचा दिसतो, खालच्याला पाठीमागचं दिसत नाही.

आता बुटांचं सांगते, कारण याबद्दल आधी कुणी बोलत नाही आणि सगळा दिवस यानेच बिघडतो. स्कीचा बूट म्हणजे प्लास्टिकचा साचा. भाड्याच्या दुकानात मी थंडीच्या भीतीने दोन मोजे घालून बसले होते. दुकानातला पोरगा खाली वाकला, बुटात दोन बोटं घातली, आणि काही न बोलता माझा वरचा मोजा काढून माझ्याच मांडीवर ठेवला. मोजा एकच, पातळ, उंच, लोकरीचा. दोन घातले की आत घडी पडते, ती घडी नडगीत रुतते, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतो. पायजमा, पँट, काहीही बुटाच्या आत जाता कामा नये, फक्त मोजा. बकलं खालून लावत या, वरची घट्ट, पावलावरची जरा सैल. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकतात आणि माणूस म्हणतो लहान झाला. गुडघे वाकवून नडगी पुढे दाबा, बोटं मागे सरकली की माप बरोबर. दुकानात दहा मिनिटं तसंच उभं राहा. घाई करणाऱ्यांना मी दुसऱ्या दिवशी लंगडताना पाहिलंय. एक बायकी सूचना, ते बूट आणि तीन थर कपडे चढवायच्या आधी बाथरूमला जाऊन या. मग काय होतं ते मी इथे लिहिणार नाही.

विमा काढताना पॉलिसीत ‘स्की’ किंवा ‘हिवाळी खेळ’ हा शब्द छापलेला आहे का ते स्वतः वाचा. साध्या प्रवासविम्यात तो बहुतेक वगळलेला असतो, आणि असला तरी आखलेल्या उताराबाहेर गेलात की लागू होत नाही. न्यूझीलंडमध्ये अपघात झाला तर पाहुण्यांच्याही उपचाराचा भार तिथली सरकारी अपघात योजना उचलते, हे खरं आहे. पण प्लास्टर घालून तुम्हाला फोंड्यापर्यंत आणून सोडायचा खर्च ती देत नाही.

जॅकेट, पँट, हातमोजे इथूनच विकत न्यावेत का? — कॉलेजची तीन मुलं, मडगाव

नाही. एवढं जाड जॅकेट मडगावला परत आणून घालणार कुठे? एका पावसाळ्यात कपाटात बुरशी येईल. जॅकेट, पँट, हेल्मेट तिथे भाड्याने मिळतात. अंगाला लागून घालायचे लोकरीचे किंवा सिंथेटिकचे कपडे, मोजे, गॉगल आणि हातमोजे मात्र स्वतःचे. भाड्याचा हातमोजा ओला मिळाला की दिवस संपला. जीन्स आणि सुती बनियन घालायचं नाही, सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग तोच घाम गारठतो. सनस्क्रीन विसरू नका, ताजा बर्फ उन्हातले ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला फासा. तिथे भाजलं की शिंकताना आई आठवते.

मी वीस वर्षं टॅक्सी चालवतो. तिकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात असं ऐकलं. मग गाडी भाड्याने घेऊन डोंगरावर जाऊ का? अनमोडचा घाट मी पावसात डोळे मिटून चढतो. — टॅक्सीवाला, वास्को

बाबा, डोळे उघडे ठेव.

गावात, तळ्याकाठी, वानाकापर्यंत खुशाल चालव. रस्ते सुरेख आहेत. पण स्कीच्या डोंगराचे चढणीचे रस्ते वेगळे. अनेक कच्चे आहेत, वळणावर कठडा नसतो, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की या रस्त्यांवर विमा लागू नाही. तो कागद सही करण्याआधी वाच.

दुसरं, चेन, म्हणजे बर्फात घसरू नये म्हणून चाकांवर चढवायची साखळी. पायथ्याशी पाटी लावतात, आज चेन सक्तीची की नुसती सोबत हवी. चेन ज्या चाकांना इंजिन फिरवतं त्याच चाकांना लावायची, पुढची तर पुढे. मी हे माझ्या भाच्याबरोबर थ्रेडबोच्या वाटेवर केलंय. रस्त्याच्या कडेला चिखल-बर्फाचा राडा, तो उताणा पडून आतली कडी शोधतोय, मी मोबाईलचा उजेड धरून उभी, बोटं इतकी बधिर की हूक लागला की नाही ते डोळ्यांनी बघून खात्री करावी लागत होती. पाऊण तास. त्याआधी सिडनीत कोरड्या पार्किंगमध्ये एकदा लावून बघितली असती तर दहा मिनिटांत झालं असतं. लावल्यावर शंभरेक मीटर जाऊन परत उतरायचं आणि ताणायची, ती सैल पडतेच. मग सावकाश, तीस-चाळीसच्या वर नाही.

आणि एक गोष्ट तुला अनमोडने शिकवलेली नाही. तिथे दुपारी सूर्य उत्तरेला असतो. म्हणून डोंगराच्या दक्षिण अंगाची वळणं दिवसभर सावलीत राहतात आणि रस्त्यावर काचेसारखा पातळ थर तसाच असतो. दिसत नाही, नुसतं डांबर ओलं वाटतं. तिथे ब्रेक मारलास की गाडी तुझी राहत नाही. रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नकोस, गोठून बसतो. सपाट जागा बघून गिअरमध्ये ठेव आणि वायपर काचेवरून उचलून ठेव. तिथला डोंगरी पोपट, किया, फार वात्रट. पार्किंगमध्ये गाड्यांचं रबर कुरतडत बसतो आणि तू ओरडलास तरी हलत नाही.

एवढं वाचून माझं ऐकायचं असेल तर बस घे. वीस वर्षं दुसऱ्यांना खिडकीतून गोवा दाखवलास, चार दिवस तू खिडकीत बस.

आम्ही शाकाहारी. सोबत काय नेता येईल? लोणचं, सोलं, फणसाची साटं? — एक कुटुंब, केपें

न्या, पण लपवू नका. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया दोघेही खाण्याच्या बाबतीत फार कडक. विमानात कार्ड भरताना किंवा फॉर्मवर ‘खाद्यपदार्थ आहेत’ यावर खूण करायची, सगळं एका पिशवीत वर ठेवायचं आणि उघडून दाखवायचं. खूण केली तर वाईटात वाईट म्हणजे ते एखादी वस्तू ठेवून घेतात. केली नाही आणि सापडलं तर न्यूझीलंडमध्ये जागेवर ४०० डॉलर दंड. माझ्या पिशवीतून बाईने सगळं पाहिलं, सोलं हुंगून परत दिली, आणि तिरफळं ठेवून घेतली. बांगड्याच्या उडदमेथीची तिरफळं! पण तिचंही बरोबर होतं, आमच्या झाडाची होती, पाकीट ना लेबल. घरचं वाळवलेलं नेण्यापेक्षा दुकानातलं सीलबंद न्या. ताजी फळं, बिया, दुधाचे लाडू घरीच ठेवा. बुटांच्या तळव्याला शेतातली किंवा बागेतली माती असेल तर तीही धुऊन जा, ती सुद्धा तपासतात.

डोंगरावरच्या कँटीनमध्ये तळलेले बटाटे, सूप आणि ‘पाय’ (pie) मिळतात, म्हणजे आपल्या पॅटिसचा गोल भाऊ. भात शिजवायचा असेल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. दिवसभर पडून आल्यावर गरम शीत आणि सोलकढी, याला तोड नाही.

नवरा तारवटी आहे, त्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट. माझा भारतीय. व्हिसाचं काय? — एक वाचक, कुठ्ठाळी

त्याला न्यूझीलंडसाठी व्हिसा नको, फक्त ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियासाठीही तसाच ऑनलाइन मार्ग. तुम्हाला दोन्हीकडे पूर्ण पाहुणा-व्हिसा. म्हणजे तुमचा हातात आल्याशिवाय त्याचं तिकीट काढू नका, नाहीतर तो एकटाच स्की करून येईल. तिकीट सिंगापूरमार्गे बघा. सिडनीत विमान बदलून न्यूझीलंडला जायचं झालं तर भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा वेगळा काढावा लागतो.

मी निवृत्त शिक्षक, वय ६६, एक गुडघा बदललेला. मला स्की करायची नाही. आयुष्यात एकदा पडता बर्फ बघायचाय. एवढ्यासाठी एवढ्या लांब जाणं हा वेडेपणा का? — डिचोली

सर, वेडेपणा तर आमचा. तुम्ही पैसे देऊन पडणार तरी नाही.

तुमच्यासाठी मला ऑस्ट्रेलियाचं पेरिशर बरं वाटतं, आणि त्याचं कारण तिथली रेल्वे. पायथ्याला बुलक्स फ्लॅट नावाचं स्टेशन आहे. तिथून स्कीट्यूब नावाची दात्यांच्या रुळावरची गाडी डोंगराच्या पोटातून बोगद्याने थेट बर्फात नेऊन सोडते. चेन नाही, घाट नाही, गुडघ्याला त्रास नाही. बोगदा संपतो आणि बाहेर एकदम पांढरं. आणि तिथली झाडं बघा. स्नो गम म्हणतात त्यांना, नीलगिरीचीच जात. पानं झडत नाहीत, खोडावर हिरवट, तांबूस, राखाडी पट्टे, आणि फांदीफांदीवर बर्फाचं ओझं. आपल्याला नीलगिरी म्हणजे उटीचं तेल. ती बर्फात उभी बघून मी थंडीत पाच मिनिटं थांबले होते, भाचा हाका मारत होता.

न्यूझीलंडलाच जायचं ठरलं तर कार्ड्रोनाला बंद डब्याची लिफ्ट आहे आणि न खेळणाऱ्यांसाठी वेगळं तिकीट. पडता बर्फ मात्र कुणी लिहून देणार नाही, जसा आपल्याकडे मान्सून सात जूनला येईलच असं कुणी लिहून देत नाही. ऑगस्टात जा, आठवडाभर एकाच जागी थांबा, हवामान बघून त्या दिवशी वर जा. ज्या दिवशी स्कीवाले आभाळ बघून कुरकुरत असतील तो तुमचा दिवस. काठीच्या टोकाला लावायचा लोखंडी काटा मिळतो, तो घ्या, आणि सगळ्यांत जास्त जपा पार्किंगमध्ये. लोक डोंगरावर कमी आणि गाडीतून उतरताना जास्त पडतात.

माझी बेतुलला बर्फाची फॅक्टरी आहे. मासेमारी बंद असली की फॅक्टरीही मंद. तिकडे म्हणे मशीनने बर्फ पाडतात. आमच्याकडे लादी गोठायला दिवस लागतो, मग हे डोंगर कसा झाकतात? — बेतुल

या खेपेचं सगळ्यांत आवडलेलं पत्र.

तुम्ही पाणी डब्यात भरून खाऱ्या पाण्यात उभं करता, गारवा बाहेरून आत शिरायला वेळ लागतो. ते लोक पाण्याचा ठोकळाच करत नाहीत. तोफेसारख्या यंत्रातून पाणी आणि दाबाखालची हवा एकत्र फवारतात, थेंब इतके बारीक की जमिनीवर पडायच्या आत गोठतात. दाबलेली हवा सुटली की थंड होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. काही ठिकाणी पाण्यात एका जिवाणूपासून काढलेलं प्रथिन मिसळतात, त्याच्याभोवती कण लवकर धरतो.

गंमत हवेची आहे. नुसतं तापमान शून्याखाली जाऊन भागत नाही, हवा कोरडी हवी. थेंबातलं थोडं पाणी वाफ होऊन उडालं की उरलेला थेंब आणखी गार होतो. जुलैत आपल्या दोरीवर कपडे वाळत नाहीत आणि फेब्रुवारीत दोन तासांत वाळतात, तेच तत्त्व. म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरवर उणे दोनच्या आसपास आकडा आला की यंत्र चालू करतात. कोरड्या हवेत साधा थर्मामीटर शून्याच्या वर असला तरी बर्फ होतो, आणि धुक्यात उणे एकला सुद्धा नुसता चिखल. क्वीन्सटाऊनला मी रात्री खिडकीतून पाहायचे, कोरोनेट पीकवर दिव्यांच्या उजेडात पांढरे फवारे उडत असायचे. रात्रपाळीच, तुमच्यासारखी.

पण तुमचं खरं भावंड मेलबर्नपासून गाडीने तीनेक तासांवर आहे, माउंट बुलरला. तिथे एक असं यंत्र बसवलंय जे बाहेर ऊब असली तरी चालतं, कारण ते हवेवर अवलंबूनच नाही. आत बर्फाच्या पातळ पापड्या धरतात, त्या खरवडून पाइपातून उतारावर फेकतात. म्हणजे फ्लेक आइसचा प्लांटच की! एवढा खटाटोप मासळीसाठी नाही, घसरण्यासाठी. तुमची बंदी ३१ जुलैला संपते, म्हणजे जुलैतच उरकावं लागेल, आणि पहिला पंधरवडा सुट्ट्यांचा. मधले दहा-बारा दिवस पकडा. बायकोला स्की शिकायला पाठवा, तुम्ही त्या यंत्राच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहा, कुणीतरी कामगार विडी ओढायला बाहेर येईलच. परत आलात की मला दोन पानं लिहून पाठवा, पुढच्या पावसाळ्यात याच जागी छापते.